मागून आणलेलं

पत्नी गेल्यानंतर मी बरेच महिने खानावळीच्या डब्यावर काढले. डब्यात भाजी रोज वेगळी असायची आणि चव रोज तीच. गवार असो, दोडका असो, डोळे मिटून खाल्लं तर ओळखू येऊ नये. मी तक्रार केली की पुण्याहून मुलगा म्हणायचा, "बाबा, दुसरीकडचा डबा लावू का?" दुसरीकडचा लावला. तोही पहिल्याचा भाऊच निघाला. मग मी तक्रार करणं सोडून दिलं. अर्धी पोळी खायची आणि बाकीची फाटकाबाहेरच्या गाईला घालायची, असा माझा दिनक्रम झाला होता.

माझी सगळी नोकरी वरणगावला गेली, कारखान्याच्या स्टोअरमध्ये. रिटायर झाल्यावर जळगावला मेहरूणमध्ये घर बांधलं. खाली मी राहतो. वरचा मजला भाड्याने दिलाय. तिथे पाचोऱ्याकडची एक मुलगी राहते, ती इथे एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. एका संध्याकाळी मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो आणि ती हातात स्टीलचा डबा घेऊन जिना चढत होती. डब्याचं झाकण नीट बसलेलं नसावं. असा वास आला की मी पेपर खाली ठेवला. भरीत होतं. तेही पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही. ज्याने एकदा घेतलाय त्याला तो जिन्यावरूनसुद्धा कळतो.

"कुठून आणलंस?" मी विचारलं.

ती दोन पायऱ्या खाली आली. "मागून आणलं, काका."

"कोणाकडून?"

"तळ्यापलीकडे एक बाई राहतात. आजच ओळख झाली."

मला वाटलं थट्टा करतेय. ती पायरीवर बसली आणि तिने मोबाइल दाखवला. त्यात एक अ‍ॅप होतं. ज्यांच्या घरी जास्तीचं अन्न असेल ते त्याचा फोटो टाकतात. आसपासच्या लोकांना तो दिसतो. ज्याला हवं असेल तो लिहितो, मला चालेल. मग आपला डबा घेऊन जायचं आणि आणायचं. पैसे नाहीत, काही नाही.

"लोक देतात कशाला पण?"

"उरतं म्हणून."

"आणि तू घेतेस?"

"दिवसभर उभी असते, काका. घरी येऊन कुकर लावायचं जिवावर येतं. मला लागतं म्हणून घेते."

तिने वाटीभर भरीत काढून दिलं. मी ते खानावळीच्या पोळीशी खाल्लं आणि त्या पोळीचंसुद्धा भाग्य उजळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला वर हाक मारली आणि माझ्या मोबाइलमध्ये ते अ‍ॅप टाकून घेतलं.

पहिल्यांदा मागायला गेलो तेव्हाचं मला सगळं आठवतं, कारण मी वाटभर वाक्यं पाठ करत गेलो होतो. आपण इथलेच, रिटायर माणूस, तशी काही अडचण नाही, सहज म्हणून आलो. भरीत देणाऱ्या त्या तळ्यापलीकडच्या बाईंनीच शेवभाजीचा फोटो टाकला होता. मी तळ्याच्या कडेने चालत त्यांच्या घरी गेलो, बेल वाजवली आणि पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं. बाईंनी विचारलं, "डबा आणलाय?"

"हो."

"धुतलेला आहे ना? परवा एकाने लोणच्याचा डबा तसाच आणला."

मी डबा उघडून दाखवला. त्यांनी आत नेऊन भरून आणला. मग म्हणाल्या, "तिखट चालतं ना तुम्हाला? आमच्याकडे तर्री जास्त असते. आणि कळण्याच्या भाकरी आहेत, घालू का?"

बस, एवढंच बोलणं झालं. मी कोण, कुठला, माझ्यावर ही वेळ का आली, काही नाही. बाई शाळेत शिकवतात. मुलं शिकायला बाहेर गेली, घरात त्या, त्यांचे यजमान आणि सासूबाई. पण हाताला सवय भरल्या घराची, कितीही आवरलं तरी भाजी पातेलंभरच होते, असं त्या नंतर केव्हातरी म्हणाल्या. त्या दिवशी मी घरी आलो, पेपर अंथरला, तर्रीत ती ज्वारी-उडदाची भाकरी कुस्करली आणि घाम पुसत जेवलो. गाईला त्या दिवशी काही मिळालं नाही.

मग मी खानावळीचा डबा बंद केला. रोज काही मिळायचं असं नाही. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी दूध-पोहे. पण ज्या दिवशी असेल त्या दिवशी ते कोणाच्या तरी घरचं असायचं, आणि घरागणिक वेगळं. मी इतकी वर्षं या जिल्ह्यात राहिलो आणि सिंधी कढी कधी खाल्ली नव्हती. एका मारवाडी घरातून गट्ट्याची भाजी आणली. ईदच्या दुसऱ्या दिवशी एका घरातून शीरखुर्मा आणला, त्या घरच्या आजींनी वरून आणखी बदाम टाकले आणि म्हणाल्या, डबा परत करायची घाई नाही. डबा माझाच होता, पण त्यांच्या ते लक्षात नव्हतं. एका घरात नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांचं वरण इतकं पातळ की ग्लासात घेऊन प्यावं. तेही मी प्यालो.

मग एक दिवस मला ओळखीच्या माणसाने पाहिलं. एका अपार्टमेंटच्या गेटपाशी मी डबा घेऊन उभा होतो. वरणगावचे माझे एक जुने सहकारी स्कूटरवरून चालले होते, ते थांबले.

"इथे कुठे?"

"जेवण न्यायला आलोय."

"इथे खानावळ आहे?"

"नाही. तिसऱ्या मजल्यावर एकांकडे पुलाव उरलाय. तो नेतोय."

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. चपला चांगल्या होत्या. त्यामुळे त्यांचा आणखीनच गोंधळ झाला असावा. "वहिनी गेल्यापासून तुझं काही खरं दिसत नाही," असं म्हणून ते गेले.

बातमी धुळ्याला पोहोचायला वेळ लागला नाही. धुळ्याला माझी थोरली बहीण असते, अक्का. आमचे आई-वडील गेल्यावर माहेर म्हणून तिला मीच राहिलो आणि मला वडीलधारं म्हणून तीच. लग्न होऊन इतकी वर्षं शहरात काढली, तरी घरच्यांशी ती अहिराणीच बोलते, आणि रागात असली की जास्तच.

"भाऊ, हाई काय चालू शे?" मी फोन उचलल्या उचलल्या तिने विचारलं. "तुले काय कमी शे? पेन्शन शे, घर शे, पोऱ्या शे. आनि तू दारोदार डबा लई फिरस?"

मी तिला अ‍ॅप समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोना कोना घरनं खास तू?"

मी सांगितलं. सिंधी कढीपर्यंत ती गप्प होती. शीरखुर्म्यापाशी तिने फोन ठेवला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो मोठ्या आवाजात बोलत नाही, पण त्या दिवशी शब्द जपून वापरत होता, ते जास्त वाईट.

"बाबा, लोकांना वाटेल आम्ही तुम्हाला खायला घालत नाही."

"तू नाहीच घालत. तू पुण्याला आहेस."

"तसं नाही म्हणत मी. तुम्ही इकडे या ना राहायला. नाहीतर स्वयंपाकाला बाई लावू."

"बाई काय करेल? माझ्या एकट्यासाठी दोन पोळ्या लाटेल आणि जाईल. मला कोणाच्या तरी घरचं लागतं."

तो म्हणाला, "बाबा, तुम्ही द्या. द्यायला माझी काहीच हरकत नाही. उलट चांगलंच आहे. पण घेऊ नका."

ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. मुलगा वाईट नाही. तो जे बोलला ते सगळेच बोलतात, फक्त त्याने सरळ सांगितलं. देणं चालतं. दिलं की माणूस मोठा होतो, लोक चार शब्द चांगले बोलतात. घेतलं की त्याच अन्नाला वास येतो. पण सगळ्यांनीच द्यायचं ठरवलं आणि घ्यायला कोणीच आलं नाही, तर त्या पातेल्यांचं करायचं काय? त्या शाळेतल्या बाईंची भाजी मी खाल्ली नसती तर ती रात्री फ्रीजमध्ये, सकाळी यजमानांच्या डब्यात आणि परवा कचऱ्यात गेली असती. मी त्यांच्यावर उपकार केले नाहीत, त्यांनी माझ्यावर केले नाहीत. हे मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

म्हणून मी ठरवलं की घेणं सोडायचं नाही, पण द्यायचंही. आणि द्यायचं तर आपल्या हातचं.

मला चहापलीकडे काही येत नव्हतं. सुरुवात खिचडीपासून केली, कारण ती बिघडली तरी खिचडीच राहते. आमच्याकडची तुरीच्या डाळीची, पिवळी, मोकळी, वरून कच्चं तेल घेऊन खायची. पहिली करपली. दुसरी वरच्या मुलीने खाल्ली आणि म्हणाली, काका, बरी आहे, हे ऐकून मला कळलं की बरी नाही. आणखी काही वेळा केल्यावर ती मलाच आवडू लागली. तेव्हा एका रविवारी मुद्दाम जास्त केली, फोटो काढला आणि टाकला. खाली लिहिलं, घरची खिचडी, आत्ताच उतरवली आहे.

कोणीच आलं नाही. एकाने विचारलं, घरात बाई आहे का? मी लिहिलं, नाही, गॅस आहे. त्यावर काही उत्तर आलं नाही. दुसऱ्याने विचारलं, किती वय तुमचं? वय सांगितलं. तोही गेला. तिसऱ्याने नुसतं विचारलं, आडनाव?

हा प्रश्न मला घेताना कोणी विचारला नव्हता. घेणाऱ्याचं आडनाव कशाला कोण विचारेल? देणाऱ्याचं मात्र विचारतात. मी ते सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. आमचं आडनाव शेतकऱ्याचं, इथे कोणाला त्याची अडचण नसते. आणि नेमकं म्हणूनच मला ते सांगायचं नव्हतं. मी लिहिलं, "मीठ, हळद, जिरं, लसूण आणि तेल घातलंय. आडनाव घातलेलं नाही." तो माणूस म्हणाला, राग कशाला येतो, साधं विचारलं. मी लिहिलं, साधंच उत्तर दिलंय.

त्या दिवशीची खिचडी मी दोन दिवस खाल्ली.

पुढच्या रविवारी पुन्हा टाकली. त्याच्या पुढच्याही. वरची मुलगी म्हणाली, काका, फोटोत ताट पुसून ठेवा, आणि मागे तुमचं बनियन वाळत घातलेलं दिसतंय. मी बनियन काढलं. तरी कोणी आलं नाही. मी हट्टाने टाकत राहिलो. मग एकदा बेल वाजली आणि दारात शाळेतल्या बाई उभ्या. हातात डबा.

"आज आमच्याकडे कोणालाच स्वयंपाक करावासा वाटला नाही," त्या म्हणाल्या. "तुमची खिचडी दिसली."

मी डबा भरून दिला. त्यांनी दारातच चमच्याने चव घेतली. "मीठ कमी आहे. बाकी छान झालीय." आणि गेल्या. अ‍ॅपवर त्यांनी माझ्या खिचडीखाली तेच लिहिलं, मीठ कमी, बाकी छान. त्यानंतर लोक यायला लागले. मीठ कमी असणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात असं दिसतं.

हे असं सुरळीत चाललेलं असताना अक्काच्या नातीचं लग्न ठरलं. धुळ्याला, शहराबाहेरच्या एका लॉनवर. अक्काने मला फोन करून बोलावलं, पण बोलावताना सांगितलं, "तठे कोनले तुनं ते खानंपिनं सांगू नको." मी हो म्हणालो. कोणाला सांगायचा माझा विचारही नव्हता.

लग्न थाटात झालं. माझ्या भाच्याचं, म्हणजे मुलीच्या वडिलांचं, कापडाचं दुकान आहे आणि त्याची ही पहिलीच मुलगी. त्याने हात आखडला नाही. मला फेटा बांधला, पहिल्या रांगेत बसवलं. जेवण आमच्याकडचं, वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी आणि बुंदी. तुपात तळलेली बट्टी हाताने फोडायची, वर वरण ओतायचं आणि शेजारी वांग्याची भाजी. मी दोनदा वाढून घेतलं.

दुपार कलली. पंगती उठल्या. नवऱ्याकडची मंडळी जायच्या तयारीत होती, मुलीच्या पाठवणीची गडबड चालू होती. मी हात धुवायला मागे गेलो तर आचारी डोक्याला हात लावून बसलेला. टोपल्याच्या टोपल्या बट्टी उरली होती. भाजीचा एक टोप तर उघडलाही नव्हता. लग्नतिथ मोठी होती, त्याच दिवशी शहरात पुष्कळ लग्नं होती, त्यामुळे धरलेली बरीच माणसं आली नव्हती.

"याचं काय करणार?" मी विचारलं.

"एका संस्थेला फोन केला होता, आबा. त्यांची गाडी भरली म्हणे, आज सगळीकडेच उरलंय." त्याने लॉनच्या मागच्या खड्ड्याकडे मान वळवली. "तिकडे जाईल."

मी भाच्याला शोधलं. तो मांडवात चौघांशी एकदम बोलत होता. मी म्हणालो, "अन्न खूप उरलंय. लोकांना बोलावतो न्यायला."

"हो हो मामा, बघा तुम्ही," तो म्हणाला आणि पाचव्या माणसाकडे वळला.

मी फोटो काढला. लिहिलं, लग्नाचं जेवण, आज दुपारचं, मी स्वतः जेवलोय. आपापला डबा आणा. धुळ्यात ते अ‍ॅप किती जणांकडे आहे मला माहीत नव्हतं. पण एकाने दुसऱ्याला कळवलं असावं. थोड्या वेळाने एक मोटरसायकल आली. मग होस्टेलमध्ये राहणारी कॉलेजची मुलं आली. एक नवरा-बायको स्कूटरवर आले, मधे त्यांची लहान मुलगी. एक गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात चारखणी डबा घेऊन आले. दवाखान्यातून ड्युटी संपवून दोघी नर्स आल्या. मागच्या बाजूला आपोआप रांग लागली. आचाऱ्याला काय करावं कळेना, पण अन्न खड्ड्यात ओतण्यापेक्षा डब्यात घालणं त्याला बरं वाटलं असावं. तो वाढायला लागला.

मग भाचा आला. त्याने रांगेकडे पाहिलं.

"मामा, ही कोण माणसं?"

"जेवण न्यायला आलीत. तुला सांगितलं होतं."

"मला वाटलं संस्थेची माणसं येतील. ही गरीब आहेत का?"

"नसावीत."

"मग कशाला आलीत?"

"जेवण उरलंय म्हणून."

त्याने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. हळू आवाजात बोलत होता, पण रांगेतल्या पहिल्या चौघांना ऐकू जात होतं. "गरिबांना दिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पुण्य लागलं असतं. ही धडधाकट माणसं गाड्यांवर येऊन फुकट घेऊन जातायत. व्याही अजून गेले नाहीत. ते काय म्हणतील, आमच्या लग्नात भिकारी बोलावले?"

"भिकारी कोण आहे इथे?"

"मामा, वाद नको. झाका रे ते टोप," तो आचाऱ्याला म्हणाला.

आचाऱ्याने झाकण ठेवलं. इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांनी चारखणी डबा पाठीमागे नेला. त्यांचा चेहरा मी पाहिला. हा चेहरा माझ्या त्या सहकाऱ्याने माझ्या तोंडावर शोधला होता आणि त्याला तो सापडला नव्हता. स्कूटरवाली बाई मुलीचा हात धरून वळली. आता ही सगळी माणसं मान खाली घालून मांडवातून बाहेर जाणार आणि परत कधी कोणाकडे डबा घेऊन जाणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसलं.

"थांबा," मी म्हणालो. "कोणी जाऊ नका."

माझी पिशवी आचाऱ्याच्या पाटाशी होती. प्रवासाला निघताना मी एक डबा बरोबर ठेवतोच. तो काढला आणि फेट्यासकट जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिलो.

भाचा माझ्याकडे बघतच राहिला. "मामा, हे काय?"

"रांगेत आहे. मला उद्यासाठी बट्टी हवीय."

"तुम्हाला मी टोपलं भरून देतो ना. या इकडे."

"तुझं टोपलं नको. या सगळ्यांना मिळेल तेव्हाच मला मिळू दे. मी मुलीच्या आजीचा भाऊ आहे आणि जळगावला असंच लोकांकडून आणून जेवतो. व्याह्यांना विचारायचं असेल तर मला विचारायला सांग."

हे बोललो तेव्हा अक्का मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. शालू सावरत ती माझ्याजवळ आली. वाटलं होतं, ओरडेल. ती ओरडली नाही.

"मनी नातना लगनमा तू रांग लावी, भाऊ," ती म्हणाली, आणि डोळे पुसत मांडवाकडे गेली.

मला वाईट वाटलं. ते आजही वाटतं. तो तिचा दिवस होता. पण रांग मोडायला मी तयार नव्हतो, आणि तसा प्रसंग पुन्हा आला तर पुन्हाही मोडणार नाही. भाच्याने एकदा माझ्याकडे, एकदा मांडवाकडे पाहिलं. पाठवणीची वेळ झाली होती, त्याला तिकडे हाका येत होत्या. तो निघून गेला. आचाऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि झाकण काढलं. गृहस्थांनी डबा पुढे केला. स्कूटरवालीने मुलीसाठी बुंदी वेगळ्या डब्यात मागितली. माझा नंबर आला तेव्हा भाजी संपली होती, बट्टी आणि वरण मिळालं. मी ते बसमध्ये मांडीवर ठेवून जळगावला आणलं. अर्धं वरच्या मुलीला दिलं.

व्याह्यांचं म्हणाल तर ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी रांग पाहिली की नाही हेही मला माहीत नाही. नात सासरी सुखात आहे. पण भाच्याने माझ्याशी बोलणं बंद केलं, ते अजून बंद आहे. अक्काही बोलेनाशी झाली. मी फोन करायचो, सून उचलायची आणि सांगायची, त्या देवपूजेला बसल्यात. सकाळी, दुपारी, केव्हाही केला तरी देवपूजाच.

दिवाळीला मुलगा आला. लग्नातली हकीकत त्याच्या कानावर आली होतीच. त्याने विषय काढला नाही, मीही काढला नाही. संध्याकाळी त्याने फ्रीज उघडला, आत शाळेतल्या बाईंकडची बेसनाच्या पातोड्यांची भाजी होती. "हे कुठलं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने ती गरम केली आणि उभ्याउभ्याच संपवली. चांगली आहे असं म्हणाला नाही. बाई लावतो असंही म्हणाला नाही. जाताना त्याने विचारलं, तुम्ही लोकांना देता ते काय असतं? मी खिचडी खाऊ घातली. मीठ व्यवस्थित होतं.

अक्काचा फोन आला तेव्हा थंडी पडली होती, मेहरूणची बोरं बाजारात आली होती. लग्नाबद्दल ती काही बोलली नाही. तिने नुसतं विचारलं, "काय जेवना?"

मला खोटं सांगता आलं असतं. स्वतः केलं, बाईने केलं, काहीही. तिला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "तळ्यापलीकडच्या एका घरची मेथी आणि भाकरी."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा खरं सांगितलं, तिने पुन्हा ठेवला. आमचं हे रोज चालू आहे. ती विचारायची थांबत नाही आणि मी सांगायचा थांबत नाही. ज्या घरून आणलं त्याचं नाव नकोसं वाटलं की माझं वाक्य संपायच्या आधीच फोन ठेवते.

परवा तिचा फोन आला तेव्हा मी गॅसपाशी होतो. फुणके केले होते, डाळ वाटून मुटके वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. फोटो टाकून झाला होता, लोक यायचे होते.

"आज मी केलंय," मी सांगितलं. "फुणके."

"डाय कोनती लिन्ही?"

"तुरीची."

"थोडी चनानी बी टाकनी पडस. नहीतं फुटतस." आणि तिने फोन ठेवला.

ते खरंच फुटले होते. मी फुटलेले माझ्यासाठी बाजूला काढले. फाटकाशी एक माझ्याच वयाचे गृहस्थ उभे होते, नवीन होते. डबा त्यांनी कापडी पिशवीत घालून, वर पेपर टाकून आणला होता. शेजारचे वामकुक्षी आटोपून त्यांच्या ओट्यावर बसले होते आणि आमच्याकडे बघत होते. ते पाहून गृहस्थ घराच्या मागच्या बाजूला वळायला लागले.

"डबा बाहेर काढा," मी म्हणालो. "आणि मागून नको, असे समोरून या."